आधी बिदागी ठरवा

पत्र: मी मिरजेचा तबलावादक. बायकोला नोकरी लागली म्हणून आम्ही नॉर्वेत ट्रॉम्सोला आलो. हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही, दारात बर्फाचे ढीग. सम कुठे येते हे कळणारा माणूस इथे भेटत नाही. हीटरच्या कोरड्या हवेने तबल्याच्या चामड्याच्या पुड्या फाटतात, त्या बायकोच्या कार्डावर गावाहून मागवतो. आठवड्यातून दोनदा एका हॉटेलात पर्यटकांपुढे वाजवतो. जेवण मिळतं, पैशांचा विषय मी काढत नाही. परवा बायको म्हणाली, "हा छंद आता पुरे." तिला कलावंताचं मन कसं समजावू?

उत्तर: अंधार, बर्फ, बायकोचं बोलणं, सगळं वाचलं. पण मी अडकले ती "जेवण मिळतं" इथे.

अहो, तुमच्या गावात लोक हिवाळ्यात येतात कशासाठी? त्या अंधारासाठीच. साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही, आणि ध्रुवीय प्रकाश बघायला दुनिया लोटते. खोलीचे पैसे मोजते, कुत्र्यांच्या घसरगाडीचे मोजते. तिथल्या आर्क्टिक कॅथेड्रल या चर्चमध्ये याच पाहुण्यांसाठी तिकीट लावून मैफली होतात. ऐन हिवाळ्यातला तिथला संगीत महोत्सव १९८८ पासून चालू आहे. म्हणजे संगीताला पैसे देणारं गाव आहे हे! हॉटेलवाला आचाऱ्याला पगार देतो, दारातला बर्फ उपसणाऱ्याला देतो. तुम्हाला देत नाही, कारण तुम्ही मागितलेच नाहीत.

ज्या कामाची बिदागी येत नाही आणि ज्याच्या पुड्या घरच्या पैशांनी येतात, त्याला बायकोने दुसरं काय म्हणावं? तिला काही समजावायला जाऊ नका. पैसे मागितल्याने कला उणी होते असं मनात असेल, तर ते आजच काढून टाका. तुमच्या मिरजेतच गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी तिकीट लावून जलसे केले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही कुणा संस्थानिकाच्या मर्जीवर न राहता. त्यांच्या गाण्याला त्याने बट्टा लागला नाही.

या आठवड्यात मॅनेजरला भेटा आणि एका संध्याकाळचा आकडा सांगा. किती मागायचे ते कळत नसेल तर क्रेओ ही तिथली कलावंतांची युनियन आहे, आधी तिला विचारा. आकड्यात पुड्यांचा खर्च धरा, रियाजाचे तास धरा. जेवण त्यात धरू नका. आणि आकडा सांगितल्यावर गप्प बसा. "तुम्हाला जमेल तसं द्या" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये, कारण ते तुमच्या जिभेवर तयारच असणार.

नाही म्हणाले तर तबला-डग्गा उचला आणि शेजारच्या हॉटेलात हाच आकडा सांगा.