हिवाळ्यात आर्क्टिकचा बर्फ परत येतो, मग तो कमी होतोय असं का म्हणतात?

तुम्ही दोन मुद्दे काढलेत. एक, दर हिवाळ्यात तिथला समुद्र पुन्हा गोठतो. दोन, २०१२चा नीचांक अजून मोडलेला नाही. दोन्ही खरे आहेत. आणि बर्फ कमी होतोय, हेही खरंच आहे.

मी मुंबईचा, त्यामुळे तलावांवरूनच सांगतो. पावसाळ्यात पेपरात रोज सात तलावांचा साठा येतो. जूनमध्ये तळ गाठलेला भातसा सप्टेंबरात भरलेला दिसतो, म्हणून कोणी 'पाणी वाढलं हो' म्हणत नाही. गेल्या वर्षी याच तारखेला किती होतं, ते बघतात. आर्क्टिकचा हिशोब तोच, फक्त उलटा. आपले तलाव भरलेले असतात त्या सप्टेंबरात तिथला बर्फ वर्षातला सगळ्यात कमी असतो आणि मार्चमध्ये सगळ्यात जास्त. म्हणून सप्टेंबरची तुलना सप्टेंबरशीच करायची.

उपग्रहांच्या सलग नोंदी १९७९ पासूनच्या आहेत. १९८०च्या दशकात सप्टेंबरात साधारण ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरायचा, म्हणजे दोन भारत मावतील एवढा. २०१२ मध्ये उरला जेमतेम ३४ लाख, म्हणजे एक भारत आणि वर थोडंसं. २०१३ मध्ये तो ५० लाखांवर गेला, तेव्हा 'बर्फ वाढला' म्हणून बातम्याही झळकल्या. पण २००७ पासूनचा एकेक सप्टेंबर घ्या, त्यातला एकही १९७९ ते २००६ मधल्या कुठल्याच सप्टेंबरच्या वर गेलेला नाही.

आता जाडी. हा भाग लोक विसरतात. माझ्या मामांची भाऊच्या धक्क्यावर बोट होती आणि सुट्टीत मी बर्फ भरताना लुडबुड करायला जायचो. ट्रकमधून लाद्या यायच्या, आकड्याने ओढून क्रशरमध्ये टाकायच्या. एखादी लादी गोणपाटाखाली बाजूला ठेवली तर दुपारपर्यंत तिचे फक्त कोपरे गोल झालेले असायचे. तिच्याच शेजारी सांडलेल्या चुऱ्याचं तासाभरात पाणी. गंमत म्हणजे एका लादीचा चुरा पसरला की तो लादीपेक्षा कितीतरी जास्त जागा अडवतो. वरून फोटो काढला तर बर्फ जास्त दिसेल तो चुऱ्याचाच!

आर्क्टिकमध्ये काहीसं तेच झालंय. पूर्वी अनेक उन्हाळे टिकून राहिलेला, तीन-चार मीटर जाडीचा बर्फ भरपूर असायचा. १९८५च्या मार्चमध्ये चार वर्षांहून जुना बर्फ सुमारे एक तृतीयांश होता, २०१९च्या मार्चमध्ये १.२ टक्के. आता बहुतेक बर्फ त्याच हिवाळ्यात गोठलेला, दीड-दोन मीटरचा. पातळ बर्फातून खालच्या पाण्याची उष्णता पटकन निसटते, म्हणून तो हिवाळ्यात भराभर वाढतोही. तुम्हाला दिसतं ते 'परत येणं' बरंचसं हे आहे. उन्हाळ्यात मात्र तो तेवढ्याच झटपट जातो. मग उघडं पडलेलं काळं पाणी जवळपास सगळं ऊन पिऊन टाकतं, जे पांढऱ्या बर्फाने बरंचसं परतवलं असतं.

(मुंबई यामुळे बुडणार का, असं पुढे कोणी विचारेलच. तरंगणारा बर्फ वितळून समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. काळजी करायची ती ग्रीनलँडच्या जमिनीवरच्या बर्फाची.)

राहिला २०१२चा विक्रम. त्या ऑगस्टमध्ये आर्क्टिकवर एक जबरदस्त वादळ आलं आणि आधीच पातळ झालेला बर्फ त्याने फोडून काढला. असं वर्ष रोज येत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडाही नंतर मोडला नाही. म्हणून हिंदमाताला पाणी तुंबायचं थांबलं का? एक मात्र तुमच्या बाजूने कबूल करतो: २००७ नंतर सप्टेंबरच्या घसरणीचा वेग बराच मंदावलाय आणि त्यात समुद्र-हवेच्या नैसर्गिक चढउतारांचा हात मोठा आहे, असं संशोधक सांगतात. मंदावलाय, उलटा फिरलेला नाही.

आणि ज्या हिवाळ्यावर तुमचा भरवसा आहे त्याचंही बघा. मार्च २०२५ मध्ये बर्फ वाढून वाढून १४३ लाख चौरस किलोमीटरवर थांबला. उपग्रहांच्या तोवरच्या नोंदींमधला तो हिवाळ्याचा सगळ्यात कमी कमाल आकडा होता.