नोकरी न सोडता हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट ऑनलाइन शिकता येतं का?

तुम्ही विचारलंय की एम.फार्म. झालंय, पुण्यात नोकरी आहे, ती न सोडता एचटीए (हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट, म्हणजे एखादं औषध किंवा उपचार खर्चाच्या मानाने किती फायद्याचा आहे हे तपासण्याचं शास्त्र) घरबसल्या शिकता येईल का. येईल. मी नोकरी करत करत ब्रिटनमधल्या एका विद्यापीठातून तसंच शिकलो. कोर्स निवडताना मात्र एक चौकशी नक्की करा: तुम्ही केलेलं मॉडेल, म्हणजे उपचाराचा खर्च आणि फायदा मांडणारं गणित, स्वतः उघडून तपासणारे शिक्षक तिथे आहेत का?

वाचनाचा भाग एकट्याने जमतो, मॉडेलचा नाही. मार्कोव्ह मॉडेलमध्ये रुग्ण दर चक्राला, म्हणजे ठरावीक कालावधीला, एका अवस्थेतून दुसरीत (बरा, आजारी, मृत) जातात असं धरतात. माझ्या पहिल्या मार्कोव्ह मॉडेलमध्ये एका अवस्थेतून निघणाऱ्या शक्यतांची बेरीज १च्या वर गेली होती. म्हणजे दर चक्राला माझे रुग्ण आपोआप वाढत होते! एक्सेलने काहीच तक्रार केली नाही, उत्तरही पटण्यासारखं आलं. आमच्या शिक्षिका बाईंनी फाइल पाहून एवढंच लिहिलं, "प्रत्येक चक्राअखेर एकूण रुग्ण मोज." आता मी ती बेरीज तपासणारा रकाना सगळ्यात आधी टाकतो. नुसते व्हिडिओ बघून ही चूक मला सापडली नसती.

तिकडची उदाहरणं तिकडच्या व्यवस्थेची असतात, हेही लक्षात ठेवा. कोणते उपचार परवडतात हे ठरवणारी ब्रिटनची संस्था 'नाइस' मुख्य हिशेबात एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) आणि सामाजिक सेवांचा खर्च धरते, रुग्णाचं बसभाडं नाही. आपल्याकडे ते सोडलं तर हिशेबच चुकतो. समजा, साताऱ्याजवळच्या गावातला रुग्ण आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. वर्षाला १०४ फेऱ्या. सोबत्यासह भाडं ४०० रुपये आणि सोबत्याची बुडालेली मजुरी ५०० रुपये धरली, तरी ९३,६०० रुपये झाले. घरीच करता येणाऱ्या पोटाच्या डायलिसिसशी तुलना करताना हीच रक्कम निकाल फिरवू शकते. म्हणून तिकडचा प्रत्येक स्वाध्याय मी भारतीय आकडे घालून पुन्हा करायचो: सूट दर (पुढच्या वर्षांचा खर्च-फायदा आजच्या किमतीत आणण्याचा दर) ३.५ ऐवजी ३ टक्के, खर्च रुपयांत, कुटुंबाचा खर्च वेगळ्या रकान्यात. ईक्यू-५डी या जगण्याची गुणवत्ता मोजणाऱ्या प्रश्नावलीची भारतीय मूल्यं २०२२ साली प्रसिद्ध झाली आहेत, तीच वापरा. मला खरं शिक्षण या दुसऱ्या फेरीतच मिळालं.

ग्लासगो, शेफील्ड, यॉर्क या विद्यापीठांचे दूरशिक्षण अभ्यासक्रम पाहा. फी आपल्या पगाराला जड जाते, म्हणून थेट १८० क्रेडिटच्या एम.एस्सी.ऐवजी ६० क्रेडिटच्या पीजी सर्टिफिकेटपासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. २० क्रेडिटच्या विषयाला साधारण २०० तास धरतात. १२ आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला १६-१७ तास झाले. घरच्यांशी हे आधीच बोलून घ्या. तिकडचा दुपारी तीनचा तास आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला येतो, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी.

पैसे भरण्याआधी एक करून बघा. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ साली 'एचटीएइन' ही आपल्याकडची एचटीए करणारी यंत्रणा सुरू केली. त्यांच्या अहवालांपैकी एक घ्या, उदाहरणार्थ पुन्हा वापरता न येणाऱ्या सुरक्षित सिरिंजचा, आणि त्यातलं गणित कोऱ्या एक्सेलमध्ये स्वतः मांडा. दोन-तीन रविवार जातील. कुठे अडलात ते इथे लिहा, मी बघेन.