सेल बाहेर निघतो का, हे आधी पाहा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यातला रस्ता सोडला तर तो माझाच जुना प्रश्न आहे. नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातली पाळी संपवून रात्री १ च्या सुमारास वर्धा रोडवर उतरायचे, तिथून दीड किलोमीटर आत लेआऊटपर्यंत पायी जायचे, वाटेत दिवे नाहीत, आणि पँटच्या खिशात मावेल पण झोत लांब जाईल अशी विजेरी ३,००० रुपयांच्या आत हवी, असे तुम्ही लिहिले आहे. तुम्ही निवडलेल्या दोहोंपैकी पहिलीवर १०,००० लुमेन, २ किलोमीटरचा पल्ला, झूम आणि आतच बसवलेली बॅटरी असे छापलेले आहे. दुसरीवर अवघे १,००० लुमेन आणि ३०० मीटर. किंमत जवळपास सारखी असताना दुसरी कोणी का घ्यावी, असा तुमचा सवाल आहे. बेसा ओलांडून पुढच्या एका लेआऊटमध्ये राहायला गेलो तेव्हा मीही हाच हिशेब मांडला होता आणि पहिल्या जातीची विजेरी घेऊन मोकळा झालो होतो.

आधीच सांगतो की मी विद्युत अभियंता नाही. आयुष्यभर लेखापालाचे काम केले आणि आता निवृत्त आहे. कोणत्याही दुकानाशी माझा संबंध नाही, आणि माझी मते माझ्या रस्त्यापुरती आहेत. शिवाय आपल्याकडे विजेरीलाच बॅटरी म्हणण्याची रीत असल्यामुळे फार घोळ होतो, म्हणून या उत्तरात दिव्याला विजेरी आणि आतल्या वस्तूला सेल म्हणतो.

लुमेन आणि कॅन्डेला यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे असे धरून चालतो. नसेल तर अंगणातल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून पाहा: पाणी वाढत नाही, पण लांब जाते. लुमेन हे पाणी, म्हणजे विजेरीतून निघणारा एकूण उजेड, आणि कॅन्डेला हा अंगठा, म्हणजे तो उजेड एका दिशेने किती एकवटला आहे ते. पल्ल्याचा आकडा कॅन्डेलावरूनच निघतो. २००९ साली अमेरिकेत ठरलेल्या एएनएसआय एफएल-१ या मानकानुसार, झोताचा उजेड घटत घटत जिथे ०.२५ लक्सवर येतो, म्हणजे निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तिथवरचे अंतर हा विजेरीचा पल्ला. कॅन्डेलाचे वर्गमूळ काढून त्याची दुप्पट केली की हा आकडा मीटरमध्ये मिळतो. २२,५०० कॅन्डेलाचे वर्गमूळ १५०, आणि त्याची दुप्पट ३०० मीटर. म्हणजे तुमच्या दुसऱ्या विजेरीच्या खोक्यावर या संख्येच्या आसपास कॅन्डेला लिहिलेले असतील तर तिचा दावा निदान स्वतःशी तरी जुळतो. पहिलीच्या २ किलोमीटरसाठी मात्र १० लाख कॅन्डेला लागतात, आणि खिशात मावणाऱ्या साध्या एलईडी विजेरीच्या एवढ्याशा आरशातून ते निघत नाहीत. तरीही ३०० मीटर म्हणजे ३०० मीटरवरचा माणूस ओळखू येईल असे समजू नका. तिथे फक्त चांदणे पोहोचते; काही तरी उभे आहे आणि ते काय आहे, हे खात्रीने कळायला अंतर निम्मे धरावे, आणि माझ्या वयाच्या डोळ्यांनी त्याहूनही कमी.

१०,००० लुमेनचा हिशेब तर मी विकत घेण्यापूर्वीच करायला हवा होता. चांगला एलईडी एका वॅटमागे साधारण १०० ते १५० लुमेन देतो, म्हणजे १०,००० लुमेनसाठी ढोबळमानाने १०० वॅट धरा. नेहमीच्या १८६५० मापाच्या सेलमध्ये, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या सेलमध्ये, ऊर्जा असते सुमारे १२ वॅट-तास. जमा १२ आणि खर्च तासाला १००, तर हा संसार सात-आठ मिनिटांच्या पुढे चालत नाही, आणि तेवढ्या वेळातही विजेरी हातात धरवणार नाही इतकी तापेल. ज्याने हयातभर दुसऱ्यांच्या ताळेबंदातल्या चुका काढल्या, त्याने खोक्यावरचा आकडा निमूटपणे खरा मानला, याची लाज मला अजूनही वाटते.

पण माझे खरे नुकसान या आकड्याने केले नाही. उजेड कमी पडला तर माणूस कुरकुरत चालतो, एवढेच. मला भोवली ती तिच्यातली कायमची बंद केलेली बॅटरी. विजेरीला उघडणारे झाकणच नव्हते. चार्जिंगसाठी चुंबकाने चिकटणारी एक खास वायर होती, जी दुसऱ्या कशालाही चालत नव्हती आणि बाजारात कुठेही सुटी मिळत नव्हती. विकणाऱ्याने हे 'कटकट नाही' म्हणून सांगितले आणि मलाही तो गुणच वाटला. पहिल्या उन्हाळ्यात मी ती स्कूटरच्या डिकीत ठेवू लागलो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा उन्हात उभ्या स्कूटरच्या बंद डिकीत काय होत असेल, हे तुम्हाला सांगायला नको. लिथियमचा सेल ४५ अंशांच्या वर चार्जसुद्धा करू नये असे असताना मी तो दिवसभर तिथे भाजत ठेवत होतो. जूनमध्ये विजेरी दहा मिनिटांत मान टाकू लागली आणि पहिल्या पावसानंतर ती पेटेचना. सेल बदलता आला असता तर काही शे रुपयांत हा विषय संपला असता.

मग मी सेवा केंद्रात गेलो. कुठल्या, ते लिहिणार नाही. एक वर्षाची हमी होती आणि बिल माझ्याकडे होते, त्यामुळे मी निश्चिंत होतो. काउंटरवरच्या गृहस्थांनी विजेरी ठेवून घेतली, सात दिवसांची चिठ्ठी दिली, आणि पुढचे अकरा आठवडे मी शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे खेटे घालत राहिलो. पहिल्यांदा सांगितले की मूळ खोके आणा, आणले. नंतर सांगितले की वायरही जमा करायला हवी होती; केली. मग कळले की असे नग इथे दुरुस्त होत नाहीत, बाहेर पाठवावे लागतात, आणि माझा नग अजून कपाटातच आहे. एकदा फोनवर ऐकवले की आत पाणी गेले आहे, म्हणून हमी लागू नाही. विजेरी उघडतच नाही तर पाणी तुम्हाला कसे दिसले, असे विचारल्यावर फोन ठेवला गेला. शेवटी विजेरी जशीच्या तशी परत मिळाली आणि सोबतच्या कागदावर 'दोष आढळला नाही' असा शेरा होता. ती त्यांच्याच काउंटरवर पेटत नव्हती, हे मी दाखवले. 'चार्ज करून पाहा,' असे उत्तर मिळाले. वायर त्यांनी हरवली होती.

हे विषयांतर वाटेल, पण त्या अकरा आठवड्यांत मी रात्री मोबाइलच्या उजेडावर चालत होतो, आणि खरी किंमत मी तिथे मोजली. मोबाइलचा उजेड पसरट असतो आणि आपण तो छातीशी धरतो. डोळ्यांच्या जवळून निघालेल्या प्रकाशात खड्ड्याची सावली खड्ड्यातच लपते आणि जमीन सपाट दिसते. ऑगस्टमध्ये रस्त्याच्या कडेला पाइपलाइनसाठी चर खोदला होता आणि त्यात पाणी भरले होते. मला तो ओला रस्ता वाटला. घोट्याचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर होते, आणि अजूनही थंडीत तो घोटा हवामान खात्याचे काम करतो.

म्हणून माझी पहिली अट ही की सेल स्वतःच्या हाताने बाहेर काढता आला पाहिजे, आणि तो १८६५० किंवा २१७०० अशा सर्वत्र मिळणाऱ्या मापाचा असला पाहिजे. बंद बॅटरीची विजेरी चांगली असूच शकत नाही, असे मी म्हणत नाही. ज्यांना दोन-तीन वर्षांत वस्तू टाकून नवी घ्यायला हरकत नाही त्यांनी ती जरूर घ्यावी. खिशासाठी १८६५० बरा. २१७०० मध्ये साधारण ५,००० मिलीअँपिअर-तासांची क्षमता मिळते, म्हणजे तो एका चार्जमध्ये जास्त चालतो, पण एकटा सेलच ७० ग्रॅमच्या घरात जातो. सेल घेताना एक सावधगिरी बाळगा: ज्या १८६५० वर ९,९०० मिलीअँपिअर-तास छापलेले असतात तो खोटा आहे, हे वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही, कारण नामांकित कंपन्यांचे या मापाचे सेल साधारण ३,५०० च्या आसपास असतात. वजनही पाहावे. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅमच्या दरम्यान भरतो आणि नकली पुष्कळदा त्याहून बराच हलका असतो. मी माझा सेल इतवारीत ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवला होता. ते हसले, पण वजन बरोबर निघाले.

झूमबद्दल माझे मत कडवट आहे, तेव्हा ते सबुरीने घ्या. भिंग पुढे सरकवले की बराच प्रकाश नळीच्या आतच अडतो आणि दूरवर एक चौकोनी ठिपका तेवढा पडतो. त्याच्या आजूबाजूला आणि तुमच्या पायाशी काळोख. चालणाऱ्याला नेमके उलटे हवे असते. साध्या आरशाच्या विजेरीत मधला झोत लांब जातो आणि कडेचा फिका उजेड पायाशी सांडतो. रात्री हिंडणारी मण्यार ३०० मीटरवर दिसून उपयोग नाही, ती पुढच्या तीन पावलांवर दिसली पाहिजे. सरकत्या तोंडातून पाणी आत जाण्याची धास्ती असते ती वेगळीच. खोक्यावर आयपीएक्स-७ किंवा आयपीएक्स-८ असे, म्हणजे पाण्यात बुडाली तरी चालेल असे, लिहिलेले असेल तरच ती पावसाळ्यात बाहेर काढावी.

लांब झोत हवाच कशाला, असे मला घरात विचारले गेले होते. तो हवा, कारण मोकाट कुत्र्यांची टोळी किंवा रस्त्यात बसलेली जनावरे शंभर पावले आधी कळली तर वाट बदलता येते. त्यांच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे अंग दिसण्याच्या कितीतरी आधी डोळे चमकतात. यासाठी अफाट कॅन्डेला लागत नाहीत. झोत मात्र त्यांच्यावर रोखून धरू नका, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर तर मुळीच नको. प्रत्यक्षात मी ५० ते १०० लुमेनच्या मंद उजेडावर चालतो आणि पूर्ण झोत पाच-दहा सेकंदांपुरता लावतो. काळोखाला सरावलेले डोळे एकदा दिपले की पूर्ण पूर्ववत व्हायला २०-३० मिनिटे लागतात, आणि तुमची चाल तेवढ्यात संपलेली असते. त्यामुळे बटण दाबताच आधी मंद उजेड लागणारी, किंवा शेवटची पातळी लक्षात ठेवणारी विजेरी निवडा. लुकलुकणारा प्रकार बटणाच्या फेऱ्यातच येत असेल तर ती विजेरी दुकानातच ठेवा.

'चार तास चालते' या वाक्याचाही अर्थ नीट लावावा लागतो. वर सांगितलेल्या एफएल-१ मानकात विजेरी चालण्याचा वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे तीन मिनिटे १,००० लुमेन आणि उरलेला वेळ दोनशे-तीनशे, असे असले तरी चार तास खरेच ठरतात. त्यात लबाडी नाही, विजेरी गरम होऊ नये म्हणून ती स्वतःच उजेड उतरवते. आपल्या उन्हाळ्यात रात्रीही ती लवकर उतरवते, एवढे गृहीत धरा.

उजेडाचा रंग निळसर पांढऱ्याऐवजी ४,००० ते ५,००० केल्विनचा, किंचित पिवळट मिळाला तर घ्या. मातीचा रस्ता, चिखल आणि पालापाचोळा त्यात वेगवेगळे दिसतात. हा निव्वळ आवडीचा भाग आहे असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. विजेरी कमरेच्या उंचीवर धरण्याबद्दल मात्र मी वाद घालायला तयार आहे, कारण तिथून खड्ड्याची सावली दिसते आणि डिसेंबरच्या धुक्यात डोळ्यांसमोर पांढरी भिंतही उभी राहत नाही. जाता जाता सांगतो, महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क', म्हणजे कृत्रिम उजेडापासून रात्रीचे आकाश जपलेले ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली आहे. तारे पाहायला तिकडे गेलात तर ही विजेरी पिशवीतच ठेवा आणि साधा लाल दिवा न्या.

विजेरी ऑनलाइन घेतलीत आणि बिघडली, तर माझ्यासारखे काउंटरवर खेटे घालू नका. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे विक्री करणाऱ्या मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते. तेही झाले नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. मी हे सगळे प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या वाचले, तोवर हमीचे वर्ष उलटले होते.

तेव्हा तुमच्या दोन पर्यायांपैकी माझे मत दुसऱ्याच्या बाजूने, पण पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याला विचारा की कॅन्डेला किती, सेल बाहेर निघतो का, आणि तसा सुटा सेल केवढ्याला पडतो. सेल निघत नसेल तर दुसरीही घेऊ नका, तिसरी शोधा. ती मिळेपर्यंत मोबाइलवर चालण्यापेक्षा सीताबर्डीतून दोन सेलची एखादी साधी विजेरी आणून कमरेशी धरा, आणि वाटेत कुठे पाइपलाइनचे खोदकाम सुरू असेल तर कडेने न जाता रस्त्याच्या मधून चाला.