ग्लासगोच्या शाळांवर लिहिणार असशील तर आधी हजेरीपट उघड

प्रिय लेकी,

तुझं प्रपोजल नीट वाचलं. विषय छान निवडलायस, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्लासगो शहरातल्या सरकारी शाळा चालायच्या कशा. पण पहिली कितीतरी पानं आर्किटेक्ट मॅकिन्टॉशने बांधलेल्या स्कॉटलंड स्ट्रीट शाळेवरच गेलीत. इमारत सुंदर आहे यात वादच नाही, ते काचेचे दोन उंच जिने, बिगरीच्या पोरांसाठी मधलं वेगळं दार, साडेबाराशे मुलांची सोय, १९०६ ला उघडली, खर्चावरून बोर्डाचं आणि आर्किटेक्टचं चांगलंच वाजलं, आता तिथे म्युझियम आहे. हे सगळं खरं, पण हे गाईडबुकमध्येही मिळतं. तू शाळा "चालवणं" हा विषय घेतलायस ना, मग इमारतीपाशी अडकू नकोस, त्या साडेबाराशे जागांवर रोज सकाळी मुलं येऊन बसायची कशी आणि न आलेल्यांचं काय व्हायचं तिथून सुरू कर.

आधी बोर्ड समजून घे. १८७२ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये गावोगावी आणि शहरांत स्कूल बोर्डं आली, निवडून दिलेली, फक्त शाळांसाठी. ग्लासगोत १५ सभासद, दर तीन वर्षांनी निवडणूक. वर्षाला निदान ४ पाउंड भाड्याच्या किमतीचं घर किंवा जागा ज्याच्या नावावर, त्याला मत, मग ती बाई असली तरी, आणि बायकांना उभंही राहता यायचं, हे पार्लमेंटचं मत मिळण्याच्या कितीतरी आधी. अर्थात नवऱ्याच्या नावावर घर असलेल्या बाईला याचा उपयोग शून्य, हे लिहायला विसरू नकोस. मतदानाची पद्धत पण मजेशीर, जितक्या जागा तितकी मतं, आणि हवी तर सगळी एकाच उमेदवाराला टाकायची. त्यामुळे शहरात संख्येने कमी असलेले कॅथलिक लोकसुद्धा एकगठ्ठा मतं टाकून आपली माणसं बोर्डात पाठवू शकायचे. १८८५ ला ग्रेस पॅटरसन आणि मार्गारेट ब्लॅक या पहिल्या दोन बायका ग्लासगो बोर्डावर आल्या, दोघीही शहरातल्या स्वयंपाक शिकवणाऱ्या संस्थांमधल्या. तू त्यांना एका ओळीत उरकलंयस, तसं करू नकोस. ज्या शहरात मुलांच्या पोटात काय जातं हाच मोठा प्रश्न होता तिथे स्वयंपाक जाणणारी बाई बोर्डाच्या टेबलावर बसणं ही मोठी गोष्ट आहे गं.

आणखी एक, शेजारच्या गोव्हनचं बोर्ड वेगळं होतं. १९१२ ला गोव्हन ग्लासगो शहरात सामील झालं तरी शाळांचं बोर्ड वेगळंच राहिलं. दोन समाजवादी शिक्षकांपैकी जॉन मॅक्लीनला १९१५ ला नोकरीवरून काढलं ते गोव्हन बोर्डाने, जेम्स मॅक्स्टनला काढलं ते ग्लासगोच्या. तुझ्या ड्राफ्टमध्ये दोन्ही एकाच बोर्डाच्या नावावर आहेत, ते आधी दुरुस्त कर, कारण तिथला परीक्षक ही चूक पहिल्याच नजरेत पकडेल.

आता मुद्द्याचं सांगते. १८७२ ला सक्ती आली, ५ ते १३ वयाच्या मुलाला शिकवायलाच हवं. १९०१ ला ती १४ वर्षांपर्यंत नेली, पण १२ च्या पुढच्या पोराला बोर्ड सूट देऊ शकायचं, आणि घरात खाणारी तोंडं जास्त असली की आईबाप ती सूट मागायला येणारच. कागदावर सक्ती लिहिणं सोपं असतं, पण एकदा सक्ती केली की प्रत्येक गैरहजर मुलाची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते, आणि माझ्या मते ग्लासगोचा पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीतून निघतो. हेच तुझ्या प्रबंधाचं सूत्र कर असं मला मनापासून वाटतं.

बघ ना कसं होतं ते. पोर आलं नाही की बोर्डाचा हजेरीवाला ऑफिसर टेनेमेंटचे, म्हणजे आपल्या चाळीसारख्या इमारतीचे, जिने चढून दार वाजवणार, आत एकच खोली, त्यातच चूल, त्यातच भिंतीत कोनाड्यासारखा पलंग, त्यातच पाच-सहा माणसं, याला तिकडे सिंगल-एंड म्हणायचे. कारण विचारलं की निघायचं एखादं साधंच, धाकटं सांभाळायला कोणी नाही, बूट नाहीत, मोठी आजारी आहे, पोरगा दूध टाकायला जातो. आईबापाला कमिटीपुढे बोलवायचं, समज द्यायची, नाहीच ऐकलं तर कोर्ट. पण दंड करून बूट येत नाहीत ना! सुरुवातीला शाळेला फी होती आणि गरिबाची फी गरीब-निधीतून भरायची सोय होती, पण त्यासाठी गरीब म्हणून हात पसरावा लागायचा आणि ते कित्येकांना नको व्हायचं. १८९० च्या सुमारास बहुतेक मुलांची फी गेली. मग उघड झालं की अडचण फीपुरती नव्हतीच, उपाशी आणि अनवाणी पोर बाकावर बसवून काय शिकणार. तोवर जेवण, कपडे सगळं धर्मादाय संस्थांवर सोडलेलं. काही ठिकाणी दान दिलेल्या बुटांवर खूण करायचे, म्हणजे बाप ते गहाण टाकून दारू पिऊ शकणार नाही. पण ती खूण पोराच्या पायावरही सगळ्यांना दिसायची, हे देणाऱ्यांना कळत नसेल का?

शेवटी १९०८ च्या कायद्याने डॉक्टरी तपासणी आली, आणि अन्नवस्त्राअभावी शिकू न शकणाऱ्या मुलाची चौकशी करायचं काम बोर्डावर आलं. निष्काळजीपणा असेल तर आईबापावर केस, गरिबी किंवा आजारपण असेल आणि धर्मादाय मदत पुरत नसेल तर बोर्डाने शाळेच्या निधीतून द्यायचं. म्हणजे हजेरीपासून सुरू झालेला रस्ता ताटापर्यंत आला, त्याला ३६ वर्षं लागली.

पैशाचं थोडक्यात, कारण तू ते बरं लिहिलंयस. सरकारी ग्रँट सरासरी हजेरीवर ठरायची, म्हणजे पोर घरी राहिलं की बोर्डाचं नुकसान, आणि उरलेलं स्थानिक पट्टीतून, अर्धी घरमालकाकडून अर्धी भाडेकरूकडून. निवडणुकीत पट्टी वाढवल्याचा हिशेब मतदार मागणारच. एवढं जोड की झालं.

आता एक कागद असा आहे जो तुझ्या यादीतच नाही आणि मला त्याचंच आश्चर्य वाटलं. १९०७ चा अहवाल, लेस्ली मॅकेन्झी आणि कॅप्टन फॉस्टर यांचा. ग्लासगो बोर्डाच्या शाळांतल्या ७२,८५७ मुलांची उंची आणि वजन घेतलं आणि ते घरात खोल्या किती याच्याशी ताडून पाहिलं. एका खोलीतल्या मुलग्याचं सरासरी वजन ५२.६ पौंड, दोन खोल्यांत ५६.१, तीन खोल्यांत ६०.६, चार किंवा जास्त असतील तर ६४.३. उंची ४६.६ इंचांपासून ५१.३ पर्यंत. म्हणजे जवळपास पावणेपाच इंच आणि सव्वापाच किलोचा फरक, एकाच शहरात, एकाच बोर्डाच्या शाळांत. मुलींचंही तसंच, एका खोलीतली ५१.५ पौंड, चार खोल्यांतली ६५.५. मी हे आकडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा पुढचं पान उलटवेना.

पण लगेच भारावून जाऊन जसेच्या तसे छापू नकोस. ही सरासरी ५ ते १८ सगळ्या वयांची मिळून आहे. मोठ्या घरातली पोरं शाळेत जास्त वर्षं टिकायची, म्हणजे त्या गटात मोठ्या वयाची मुलं जास्त असणार आणि फरक थोडा फुगणार. वयाप्रमाणे वेगळं करून बघ. माझ्या मते तरीही फरक उरतो, पण ते तू दाखव, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. आणि हे मोजमाप वर्गात झालं, बाईंनी एकेका पोराला भिंतीशी, काट्यावर उभं करायचं, नाव, वय, खोल्या विचारायच्या. साठेक पोरांच्या वर्गात हे करणाऱ्या बाईबद्दलही एखादा परिच्छेद लिही गं, तिला कोणी विचारतच नाही.

कॅथलिक शाळांचं प्रकरण तू शेवटी ढकललंयस, ते वर आण. आयरिश मजुरांची हजारो मुलं बोर्डाबाहेरच्या शाळांत, आईबाप पट्टी भरायचे बोर्डाच्या शाळांसाठी आणि वर आपल्या शाळा चर्चच्या जोरावर चालवायचे. १९१८ च्या कायद्याने त्या शाळा सार्वजनिक व्यवस्थेत आल्या, धर्मशिक्षण आणि शिक्षक निवडताना चर्चची संमती राखून. त्याच कायद्याने जुनी बोर्डं गेली, नवी शिक्षण प्राधिकरणं आली, आणि १९२९ च्या कायद्याने तीही बरखास्त होऊन काम नगरपालिकेकडे गेलं. मला स्वतःला वाटतं की फक्त शाळांसाठी निवडून दिलेली माणसं गेली तिथे काहीतरी गमावलं, कारण रस्ते, गटारं, घरं आणि शाळा एकाच टेबलावर आल्या की शाळेचा नंबर खाली जातो. तुला पटलं नाही तर भांड माझ्याशी, पण पुरावे घेऊन.

कामाचं: ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीत सिटी आर्काइव्हज आहे, बोर्डाची मिनिट्स, म्हणजे सभांची इतिवृत्तं, तिथे बघायला मिळतील, आणि शाळांची लॉगबुकं. लॉगबुक म्हणजे आपल्या शेरेबुकाच्या जवळचं काहीतरी, फक्त हेडमास्तर स्वतः लिहायचे, त्यामुळे साथ, पाऊस, इन्स्पेक्टर, रजेवर गेलेली बाई सगळं येतं. मिनिट्समध्ये ठराव दिसतात आणि लॉगबुकात त्या ठरावाचं खाली शाळेत काय झालं ते दिसतं, म्हणून दोन्ही समोरासमोर ठेवूनच वाच. एकच गरीब वस्तीतली शाळा आणि एकच बऱ्या वस्तीतली शाळा घे, जास्त हाव नको, आणि १९०५ ते १९१० एवढंच बघ, म्हणजे १९०८ च्या आधीचं आणि नंतरचं दोन्ही हाताशी येईल. जायच्या आधी ईमेल करून कुठले खंड हवेत ते कळव, नाहीतर अर्धा दिवस वाट बघण्यात जातो. पेन्सिल ने, अशा ठिकाणी पेन चालत नाही. पहिल्या आठवड्याच्या नोट्स जशा असतील तशा पाठव, नीटनेटक्या करत बसू नकोस.

तुझी,
बाई