भाव चढला म्हणून फोर्स मेजर लागत नाही

तुमचा प्रश्न असा: वर्षभराच्या पक्क्या दराने कास्टिंगची (ओतीव भागांची) ऑर्डर घेतली, आता पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि स्क्रॅप महागलं, करारात फोर्स मेजरचं (आवाक्याबाहेरची आपत्ती आली तर करार पाळण्यातून सूट देणारं) कलम आहे, तर ते दाखवून सप्लाय थांबवता येईल का?

नाही. गुजरातमधल्या मुंद्र्याच्या वीज प्रकल्पांनी हे करून पाहिलंय. इंडोनेशियाने कायदा बदलला, कोळसा महागला, ठरलेल्या दरात वीज परवडेना. २०१७ साली ‘एनर्जी वॉचडॉग’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. करार पाळणं महाग पडतं म्हणून तो सुटत नाही. एवढ्या मोठ्या कंपन्यांचं जमलं नाही तिथे आपली भट्टी किस झाड की पत्ती!

कलम कुणासाठी लिहिलंय तेही बघा. एप्रिल २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, कोरियाहून पोलाद मागवणारे आयातदार मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. लेटर ऑफ क्रेडिटवरचे (बँकेने विकणाऱ्याला हमी दिलेले) पैसे अडवा, ही मागणी. तेव्हा दिसलं की करारातलं फोर्स मेजर फक्त विकणाऱ्यापुरतं होतं, घेणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. आपण पीओच्या (परचेस ऑर्डरच्या) मागची बारीक छपाई वाचत नाही ना, त्यातच हे दडलेलं असतं.

खरी अडचण आली तरी कलम आपोआप लागत नाही. माझं युनिट कोल्हापूरजवळच्या शिरोलीत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात हायवेच पाण्याखाली गेला, माझी भरलेली गाडी गेटच्या आत उभी. पर्चेस मॅनेजरला रोज फोन करत होतो, तो ‘हो हो, टीव्हीवर बघतोय’ म्हणायचा. दोन महिन्यांनी उशिराच्या दंडाची डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी) आली. करारात लिहिलं होतं : घटनेपासून ७ दिवसांत लेखी नोटीस. फोन म्हणजे लेखी नव्हे. पैसे गेले.

जुलै २०२१ ला पुन्हा पाणी चढलं, तेव्हा त्याच संध्याकाळी मेल टाकला. सोबत रस्त्याचे फोटो, ट्रान्सपोर्टरचं पत्र, कोणत्या पीओचे किती नग अडकले त्याचा तक्ता. त्यांच्या लीगलचं (कायदा विभागाचं) उत्तर मात्र झकास होतं : पूर दोन वर्षांपूर्वीच येऊन गेला, मग तो ‘अनपेक्षित’ कसा? बरीच हुज्जत घालून मुदतवाढ मिळाली. तेव्हापासून नव्या करारात मी ‘पूर’ आणि ‘महामार्ग बंद’ हे शब्द नाव घेऊन घालतो, नुसत्या ‘दैवी आपत्ती’वर विसंबत नाही.

करारात कलमच नसेल तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम ५६ उरतं. पण तिथे करार पाळणं अशक्य झालं हे सिद्ध करावं लागतं, तोट्यात गेलो एवढ्याने भागत नाही.

तुम्हाला हवंय ते प्राइस व्हेरिएशन, म्हणजे कच्च्या मालाच्या भावाप्रमाणे दर बदलणं. ऑटोवाले बहुतेक दर तिमाहीला मटेरियलचा फरक देतात-घेतात, तसा पीओ अमेंडमेंट (ऑर्डरमधला लेखी बदल) मागा. ऑर्डर घेतली त्या महिन्याची आणि आजची खरेदीची बिलं शेजारी ठेवा, एका नगाला किती रुपये फरक पडतो ते काढून पर्चेसच्या टेबलावर बसा. आणि त्या मेलमध्ये ‘फोर्स मेजर’ हा शब्द चुकूनही लिहू नका. तो दिसला की फाइल लीगलकडे जाते, आणि मग पर्चेसवाल्याची इच्छा असली तरी तो तुमच्याशी दराबद्दल बोलत नाही.