‘नाटक करतोय’ हे निदान नव्हे

कारागृह रक्षकांना अनेक वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या प्रशिक्षिका या अंकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझं रक्षकाचं प्रशिक्षण सुरू होतंय. झडती, गिनती, किल्ल्या यांना जेवढे तास, जवळपास तेवढेच आरोग्याला दिलेत. आम्ही पहारा द्यायचा की नर्स व्हायचं?
— एक प्रशिक्षणार्थी

नर्स व्हायचं नाहीये. पण रात्री दोन वाजता कोठडीच्या गजांसमोर नर्स नसते, तुम्ही असता.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगते. स्त्रियांच्या विभागात एक बाई संध्याकाळी दाखल झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातात पाण्याचा पेला ठरेना. विचारलं तर म्हणाली, थंडी वाजते. अंग घामानं निथळतंय आणि म्हणे थंडी! तिसऱ्या रात्री ती भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागली. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. मी नोंदवहीत लिहिलं, ‘बंदी नाटक करते.’ पहाटे पाळी बदलली. माझ्या जागी आलेल्या जुन्या बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, कपाळाला हात लावला आणि थेट गाडी मागवली. ती वाचली. त्यात माझा वाटा शून्य.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू आत आल्यावर एकदम तुटते. थरथर, घाम, मळमळ बहुधा पहिल्याच दिवशी सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त. पुढच्या दोनेक दिवसांत काहींना भ्रम होतो, नसलेलं दिसतं, ताप चढतो, नाडी पळते. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. गर्द तुटल्याचा त्रास दिसायला भयंकर, पण त्यानं सहसा थेट जीव जात नाही. तिथे उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी किती गेलं यावर डोळा ठेवायचा. नवखे नेमकं उलटं करतात. ओरडणाऱ्याकडे धावतात आणि गप्प बसून थरथरणाऱ्याला विसरतात. रक्तातली साखर उतरलेला मधुमेहीही बरळतो, झोकांड्या खातो. त्याला ‘पिऊन आलाय, झोपू दे’ म्हणून सोडलं तर तो सकाळी उठेलच असं नाही.

म्हणून माझ्या वर्गात पहिला धडा औषधांचा नसायचा, लिहिण्याचा असायचा. ‘नाटक’, ‘उर्मट’, ‘वेडसर’ हे शब्द नोंदवहीत बंद. काय दिसलं ते लिहा : ‘रात्री १:४०. दोन्ही हात थरथरतात. सदरा भिजलेला. आज वार कोणता, सांगता आला नाही. १:४५ ला दवाखान्याला कळवलं.’ निदान डॉक्टर करतील. आणि हो, काही बंदी खरोखर नाटक करतात. करू देत. नाटक करणाऱ्याला दहा वेळा तपासायला नेल्यानं आपली रात्र वाया जाते, फार तर.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०१५ साली कैद्यांच्या वागणुकीचे सुधारित किमान नियम मंजूर केले. १९५५च्या जुन्या नियमांचीच ती दुरुस्ती. सत्तावीस वर्षं कैदेत काढलेल्या नेल्सन मंडेलांचं नाव त्यांना दिलंय. एकूण नियम १२२. त्यातला ७६वा रक्षकांनी काय शिकावं ते सांगतो. सुरक्षा, बळाचा वापर, प्रथमोपचार आणि मानसिक आजाराची लवकर ओळख, हे सगळं त्या एकाच नियमात आहे. तुमचं वेळापत्रक करणाऱ्यानं तो वाचलेला दिसतो.

प्रश्न : माझी मुलगी रक्षक झाली आहे. बंद्यांशी रोज बोला, त्यांना नावानं हाक मारा, असं शिकवतात म्हणे. अशानं ते डोक्यावर नाही का बसणार? जीव टांगणीला लागतो.
— एक वडील

काका, तुमची काळजी मी समजू शकते. माझ्या वडिलांनीही हेच विचारलं होतं. पण भिंती, कुलपं, कॅमेरे ही अर्धीच सुरक्षा. कॅमेऱ्याला माणूस दिसतो, त्याचं बदललेलं वागणं दिसत नाही. रोज पहिल्या रांगेत बसणारा आज भिंतीला पाठ लावून का बसलाय? दोघं मित्र एकमेकांच्या बाजूनं जाईनात, ते का? घरून पत्र आल्यापासून एकीनं आपलं सामान इतरांना वाटून टाकायला का सुरुवात केली? हे ज्याला कळतं तोच मारामारी आधी ओळखतो, आणि आत्महत्याही. याला गतिमान सुरक्षा म्हणतात. नाव जड आहे, काम साधं आहे : फेरी मारताना थांबायचं आणि बोलायचं.

मात्र ओळख वेगळी आणि उपकार वेगळे. सापळा छोटा असतो. आधी एक पेन मागतात. मग ‘एवढं पत्र टाका ना मॅडम.’ मग ‘त्या दिवशी पत्र टाकलंत ते साहेबांना सांगू का?’ पेनापासून इथपर्यंत यायला कधी चार महिने लागतात, कधी चार दिवस. मुलीला एवढंच सांगा, की पेन दिलं गेलंच असेल तर त्याच दिवशी वरिष्ठांना सांगून मोकळं व्हायचं. कबूल केलेल्या चुकीवरून कुणी धमकावू शकत नाही.

प्रश्न : मी कारागृहाच्या दवाखान्यात नव्यानं रुजू झाले आहे. अमक्याला कोणता आजार आहे, असं रक्षक सर्रास विचारतात. ‘सुरक्षेसाठी’ म्हणतात. सांगावं का?
— एक डॉक्टर

आजाराचं नाव सांगू नका, काय करायचं ते सांगा. ‘याला खालचा बिछाना द्या’, ‘फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका’, ‘नेताना दोघांनीही मास्क लावा’ एवढ्यात रक्षकाचं काम भागतं. रक्ताशी संबंध येईल तिथे हातमोजे सगळ्यांसाठीच घालायचे असतात; कुणाला काय झालंय हे कळल्यावर घालणारा रक्षक बाकीच्या वेळी उघड्या हातानं वावरत असतो.

आणखी एक, कारण हे तुमच्यावर येणारच. कुणी शरीरात काही लपवलंय असा संशय आला की वरिष्ठ म्हणतील, ‘डॉक्टर, तुम्हीच बघा.’ मंडेला नियमांतला ५२वा नियम दाखवा. अशी झडती आरोग्य कर्मचाऱ्यानं घ्यायची झाली, तरी तो त्या बंद्याच्या रोजच्या उपचारांची जबाबदारी असलेला नसावा. आज झडती घेणाऱ्या हातांना उद्या तो आपला पोटशूळ दाखवणार नाही. आणि उपचारांबाबतचा तुमचा निर्णय बिगरवैद्यकीय अधिकारी फिरवू शकत नाही, असं २७वा नियम सांगतो. हे भांडून सांगू नका, लेखी द्या.

प्रश्न : अंगावर धावून येणाऱ्याला पालथा पाडून दाबून ठेवतात. तो ‘श्वास घेता येत नाही’ म्हणतो. बोलतोय म्हणजे श्वास चालूच आहे ना?
— एक रक्षक

नाही. दोन शब्द बोलण्यापुरती हवा आत-बाहेर होणं म्हणजे पुरेसा श्वास नव्हे. पालथ्या माणसाच्या पाठीवर गुडघा आला की छाती फुलत नाही, आणि झटापटीनं त्याला नेहमीपेक्षा जास्त हवा लागत असते. हात आवरले की लगेच कुशीवर वळवा, मग बसवा. पाच जणांच्या तुकडीत एकानं फक्त डोकं धरायचं आणि चेहरा बघायचा, बाकी काही नाही. डोकं धरणारा ‘सोडा’ म्हणाला की हुद्दा न बघता सगळ्यांनी सोडायचं. बंदी एकदम शांत झाला तर ‘आला ताळ्यावर’ समजू नका, आधी श्वास बघा.

प्रश्न : खोकणाऱ्या बंद्यांमुळे आम्हाला धोका किती?

दाटीवाटीच्या, खिडक्या बंद असलेल्या खोलीत आहेच. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर बंद्याचीही तपासणी करून घ्या आणि स्वतःचीही. तुरुंगाचा आजार आतच राहील, या भ्रमात कुणी राहू नये : १७५० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात बंद्यांबरोबर तुरुंगताप आला आणि खुद्द लॉर्ड मेयर आणि न्यायाधीशही त्यात गेले.

प्रश्न : रात्री एकटा असताना कोठडीत कुणी गळफास घेतलेला दिसला तर? एकट्यानं दार उघडायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे.
— रात्रपाळीचा एक रक्षक

हा प्रश्न त्या रात्री सोडवायचा नसतो, आधीच सोडवून ठेवायचा असतो. नियमाला कारण आहे; बनावट गळफास दाखवून किल्ली हिसकावल्याच्या गोष्टी प्रत्येक जुन्या रक्षकाकडे असतात. पण मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत इजा सुरू होते. काही देशांत रात्रपाळीच्या रक्षकाजवळ सीलबंद पाकिटात कोठडीची किल्ली असते. आधी बिनतारीवर कळवायचं, धोका जोखायचा, मग सील तोडायचं. आत गेल्यावर शरीराचा भार उचलून धरायचा, गाठ न सोडता तिच्या वरच्या बाजूला कापायचं, मानेभोवतीचा फास सैल करायचा, आडवं करायचं. श्वास नसेल तर लगेच छातीवर दाब सुरू. ‘मेलाय’ हे तुम्ही ठरवायचं नाही. कापायचं हत्यार तुमच्या पट्ट्याला हवं, कार्यालयाच्या कपाटात नको.

तुमच्याकडे असं पाकीट नसेल तर वरिष्ठांकडे एका सरावाची मागणी करा. रात्री तीन वाजता, कुणाला आधी न सांगता, घड्याळ लावून : हाक मारल्यापासून किल्ली दारात यायला किती वेळ लागतो? आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा अकरा मिनिटं लागली. किल्लीवाला लांबच्या फाटकावर होता आणि तिथला फोन कुणीतरी नीट ठेवला नव्हता. त्या आठवड्यात किल्लीची जागा बदलली. पुढच्या वेळी तीन मिनिटं लागली. तीही मला जास्तच वाटली होती.