सही कोणाची, कागद कधीचा?

प्रश्न : सॅम माणेकशा यांचा सही केलेला फोटो एका विक्रेत्याने दाखवला. सहीखाली ‘फील्ड मार्शल, डिसेंबर १९७१’ असे लिहिले आहे. घ्यावा का? (वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : घाई करू नका. माणेकशा फील्ड मार्शल झाले जानेवारी १९७३ मध्ये. डिसेंबर १९७१मध्ये, ढाक्याच्या शरणागतीच्या वेळी ते जनरल होते. ‘लढाईची आठवण म्हणून तारीख मागाहून घातली असेल’ असे विक्रेता म्हणेल. तसे घडू शकते, पण मग ‘युद्धकाळातली सही’ म्हणून जास्तीचा भाव द्यायचे कारण उरत नाही. आता खांद्यावरची चिन्हे पाहा. फील्ड मार्शलच्या चिन्हाभोवती कमळांची माळ असते, जनरलच्या नसते. जनरलच्या गणवेशातल्या फोटोवर नंतर केलेली ‘फील्ड मार्शल’ सही खरी असू शकते. माळ दिसत असूनही फोटो १९७१चा म्हणून दाखवत असतील, तर तिथेच थांबा.

मग दहापट भिंग घ्या आणि फोटो खिडकीच्या उजेडात तिरका धरा. बॉलपेनची सही असेल तर बारीक खाच दिसते. चकचकीत कागदावर फाउंटन पेनची शाई रेघेच्या कडांना साचते, मधे विरळ राहते. सही ठिपक्याठिपक्यांची दिसली तर ती छापील. सहीला फोटोच्या काळ्या-करड्या रंगाचीच छटा आणि तीच चमक असेल, तर सही केलेल्या दुसऱ्या फोटोचाच फोटो काढलेला असतो. यात सगळ्यांत जास्त लोक फसतात. यंत्राने केलेल्या सहीत रेघेचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा असतो. अशा दोन सह्या एकावर एक ठेवल्या तर तंतोतंत जुळतात. माणसाच्या हाताला ते जमत नाही.

नोटा तपासायचा जांभळा दिवा मात्र इथे उपयोगाचा नाही. फोटोच्या कागदात चमक आणणारी रसायने १९५०च्या दशकापासून येऊ लागली, त्यामुळे १९७१चा अस्सल कागदही निळसर उजळू शकतो. दुसऱ्या महायुद्धातला म्हणून दाखवलेला फोटो तसा उजळला, तर प्रत नंतरची आहे.

विक्रेत्याने स्वतःच दिलेल्या प्रमाणपत्रापेक्षा फोटोसोबत आलेले पत्र आणि टपालाचा शिक्का असलेले पाकीट मोलाचे.

प्रश्न : आजोबा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. लॉर्ड माउंटबॅटन यांचा सही केलेला, आजोबांकडचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. पाण्यात भिजवून सोडवू का? (वाचक, नेरूळ)

उत्तर : मुळीच नको. साधा फोटो भिजवून सुटतो हे खरे, पण दौतीची शाई पाण्यात विरघळते. फोटो सुटेल आणि सही जाईल. ओढून काढला तर फोटोचा जिलेटिनचा थर काचेवरच राहील. काचेसकट स्कॅन करून घ्या आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात चौकशी करा.

सही ‘लुई माउंटबॅटन’ आहे की ‘माउंटबॅटन ऑफ बर्मा’, तेही पाहून ठेवा. दुसरी पदवी १९४६ची, म्हणजे ती सही युद्धानंतरची.

खाडीकाठच्या दमट हवेत जिलेटिन मऊ पडते आणि काचेला चिकटते. म्हणून पुढच्या वेळी काच आणि फोटो यांमध्ये आम्लविरहित पुठ्ठ्याचा माउंट (फोटोभोवतीची चौकट) हवाच. बाहेरच्या भिंतीवर फ्रेम टांगू नका. पावसाळ्यात त्या भिंतीची ओल मागच्या पुठ्ठ्यात उतरते. बाकीचे फोटो पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पीव्हीसीची पाकिटे काही वर्षांत चिकट होतात. चिकट पानांचे अल्बम, सेलोटेप आणि लॅमिनेशन यांच्या वाटेला जाऊ नये. डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की त्या सुकवा किंवा बदला. मागे लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला.

प्रश्न : निवृत्त अधिकाऱ्यांकडून टपालाने सही कशी मागवावी? (वाचक, वाशी)

उत्तर : एकाच फोटोच्या दोन प्रती पाठवा, एक त्यांना ठेवायला. प्रत मॅट कागदावर काढा, गणवेशापाशी नाही तर आकाशासारख्या फिक्या जागी सही करण्याची विनंती करा. पत्र एका पानाचे पुरे. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकिटे लावलेले पाकीट आणि फोटोपेक्षा थोडे मोठे दोन पुठ्ठे घाला. पुठ्ठा एकच घातला तर फोटो परतताना हमखास दुमडतो. पावसाळ्यात पाठवताना आतून प्लास्टिकची पिशवी हवी.